गाडीचं नाक बिघडलं, की नाकाची वायर?

मैत्रिणींनो, पावसाळ्यातल्या पत्रांत ओल, बुरशी, कपड्यांचा कुबट वास हे विषय ठरलेले. या वेळी बदलापूरच्या एका भगिनींनी मात्र वेगळंच विचारलं आहे. "साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यापासून काट्यांजवळचा इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा विझतच नाही. पेट्रोलही जास्त लागतंय. गॅरेजवाले म्हणतात, दोन्ही ऑक्सिजन सेन्सर बदला. खर्च ऐकून मुलीच्या क्लासची फी डोळ्यांपुढे आली. काय करावं?"

आपल्याकडे पाण्याचं नवल ते काय! २७ जुलै २०१९ ला पुरात वांगणीजवळ अख्खी महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती. पण ताई, पैसे मोजण्याआधी थोडं समजून घ्या.

ऑक्सिजन सेन्सर म्हणजे गाडीचं नाक. ते धुराच्या पाइपात बसवलेलं असतं. धुरात प्राणवायू किती उरला हे हुंगून ते गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतं आणि त्यावरून पेट्रोल कमीजास्त सोडलं जातं. शेगडीला हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते, पातेल्याचं बूड काळं होतं, तसंच हे. १९७६ साली व्होल्वोच्या गाडीत हा सेन्सर प्रथम आला. आजच्या पेट्रोल गाडीत बहुधा दोन असतात. पुढचा मिश्रण सांभाळतो. मागचा धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर लक्ष ठेवतो. दोन्ही एकाच दिवशी निकामी होणं तसं विरळाच.

आता क्रमानं पाहा.

१. दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत न्या. तो लुकलुकत असेल तर मात्र गाडी बाजूला घेऊन बंद करा. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो, आणि त्याची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट असते.

२. गॅरेजमध्ये स्कॅनर लावून कोड वाचायला सांगा आणि तो वहीत टिपून घ्या. पी०१३५ म्हणजे पुढच्या सेन्सरला गरम ठेवणाऱ्या हीटरच्या वायरिंगची तक्रार. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. त्यात सेन्सरचा दोष नसेलही. कुठून तरी हवा शिरत असेल, नाहीतर धुराच्या पाइपाला भोक असेल.

३. मग फ्यूज, वायर आणि प्लगचा जोड तपासून घ्या. जोडात पाणी शिरतं, हिरवा गंज चढतो. उंदीरमामा वायर कुरतडतात, ते वेगळंच! तुमचा दिवा पाण्यातून गेल्यावर लागला, म्हणून पहिला संशय इथंच घ्यायचा. जोड साफ करून, वाळवून भागलं तर खर्च किरकोळ.

४. जोड ठीक असेल तर मल्टिमीटरनं हीटर तपासता येतो. आतली तार तुटलेली निघाली तर सेन्सर बदलायलाच हवा.

५. इंजिन तापल्यावर स्कॅनरवर पुढच्या सेन्सरचा आकडा पाहा. साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान तो भराभर खालीवर व्हायला हवा. एकाच जागी चिकटला तर शंका घ्या. मागच्याचा आकडा बराचसा स्थिर असतो. ते चांगलंच लक्षण आहे, बिघाड नव्हे. काही नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या जातीचा असतो, त्याला हे आकडे लागू नाहीत.

बदलायचाच ठरला तर पार्ट नंबर जुळवून चांगल्या कंपनीचा घ्या. उल्हासनगरच्या बाजारात घासाघीस करायला आपण कचरत नाही, पण इथं निव्वळ स्वस्ताईवर जाऊ नका. टोकाला ग्रीस लागू देऊ नका. नुसता कोड पुसून दिवा विझवून घेणंही नको. मूळ दोष तसाच राहिला तर दिवा पुन्हा लागतो, आणि दरम्यान पेट्रोल जातंच.

शेवटी एक सांगते. गॅरेजवाल्यांशी भांडायला जाऊ नका. "दादा, कोड कोणता आला? जोड उघडून पाहिलात का? जुना भाग मला परत द्याल ना?" एवढं शांतपणे विचारा. यजमान अंबरनाथच्या एमआयडीसीतून परतेपर्यंत थांबायचीही गरज नाही. हे तिन्ही प्रश्न तुम्हीच विचारू शकता.