शनिवार तेली

श्रावण अमावास्येचा पोळा आणि आपले पर्युषण बहुधा एकत्रच येतात. सिहोऱ्यासारख्या धानपट्ट्यातील गावी व्यापाऱ्याची खरी कसोटी याच दिवसांत लागते. माझ्या बालपणी आमच्या दुकानात कासरे, वेसणी, घुंगरमाळा आणि झुली विकल्या जात. खांदशेकणीच्या संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नसे. आणि नेमक्या त्याच वेळी, सूर्य मावळतीला टेकताच, वडील दुकानाच्या फळ्या लावू लागत. ‘‘बाबूजी, प्रतिक्रमण तासाभराने केले तर?’’ असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, ‘‘मग ते माझ्या सवडीचे प्रतिक्रमण होईल.’’ समोरच्या दुकानांत कंदील लागत, आमचे गिऱ्हाईक तिकडे वळे आणि बुडालेल्या विक्रीचा हिशोब मी मनातल्या मनात करीत राही.

बँकेतून निवृत्त झाल्यावर बेने इस्राएल या महाराष्ट्रातील ज्यू समाजाविषयी वाचले, तेव्हा वडिलांची आठवण झाली. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून हा समाज वाढला, अशी त्यांची परंपरा आहे. धर्मग्रंथ हाती राहिले नाहीत. भाषा मराठी झाली, दिवेकर, पेणकर, रोहेकर अशी गावांवरून आडनावे पडली. पण शनिवारी ते तेलाचा घाणा बंद ठेवीत. म्हणून कोकणात त्यांना ‘शनिवार तेली’ असे नाव पडले. पुढे समाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. म्हणजे त्याआधी कित्येक पिढ्या ना मंदिर होते, ना ग्रंथ. होता तो पाळलेला शनिवार. विशेष म्हणजे विश्रांतीची ही आज्ञा जनावरांसाठीही आहे. घाणा थांबला की बैलाच्या मानेवरचे ओझेही उतरते.

ग्रंथांखेरीज त्यांच्या स्मरणात टिकलेली मुख्य प्रार्थना ‘शमा’. ज्यूधर्मीय ती सकाळ-संध्याकाळ म्हणतात. ईश्वरावर पूर्ण अंतःकरणाने, पूर्ण प्राणाने आणि पूर्ण शक्तीने प्रेम करावे, असा तिचा आशय. त्यांच्या ‘मिश्ना’ या प्राचीन ग्रंथात या तीन शब्दांचा अर्थ उलगडला आहे. अंतःकरणाने म्हणजे चांगल्या-वाईट दोन्ही प्रवृत्तींसह. प्राणाने म्हणजे प्राण गेला तरी. आणि शक्तीने म्हणजे आपल्या धनासह! तिसरा अर्थ वाचून मी थबकलो. प्राण देण्याचा प्रसंग एखाद्याच्याच वाट्याला येतो. गल्ला सोडण्याचा प्रसंग मात्र व्यापाऱ्याच्या दारी रोज उभा असतो.

वाचकहो, त्यांच्या आणि आपल्या विचारात मूलभूत भेद आहे. त्यांच्या ६१३ आज्ञा सृष्टिकर्त्याच्या आहेत. आपण सृष्टिकर्ता मानत नाही. तीर्थंकर मार्ग दाखवितात आणि पच्चक्खाण आपण स्वेच्छेने घेतो. तरीही ‘जिनाज्ञा’ हा शब्द आपल्या तोंडी असतोच. प्रश्न एवढाच की, ती आज्ञा आपण सवड पाहून पाळतो की तिच्यासाठी सवड काढतो?

कबुली द्यायची तर, नोकरीत असताना खतावणी जुळवायची आहे या सबबीवर मी पर्युषणातील कितीतरी प्रतिक्रमणे सोडली. आता वेळच वेळ आहे. पण सामायिकाच्या ४८ मिनिटांत शेजारच्या खोलीतील मोबाइल वाजला, की शेअरचा भाव काय झाला असेल, हाच विचार मनात येतो. आसनावर शरीर असते, अंतःकरण बाजारात. ज्या मुलाने वडिलांच्या बंद दुकानाचा तोटा मोजला, तो अजून माझ्यात बसलेला आहे.

वडिलांनी किती विक्री सोडली, याची नोंद त्यांच्या कोणत्याही वहीत नाही. कारण तो त्यांच्या दृष्टीने तोटा नव्हताच. यंदाच्या पर्युषणात निदान सामायिकापुरता मोबाइल बंद ठेवण्याचे पच्चक्खाण मी घेतले आहे. गोष्ट लहान आहे. पण पहिल्याच संध्याकाळी किती जड जाईल, हे मला ठाऊक आहे.

जय जिनेंद्र.