पिल्टडाउनचा दाखला

उत्क्रांतीचा विषय निघाला की आपल्यातील काही वक्ते पिल्टडाउनचा दाखला देऊन टाळ्या घेतात. १९१२ साली इंग्लंडात आदिमानवाचे अवशेष मिळाल्याचा गवगवा झाला; १९५३ साली ते बनावट ठरले. कवटी माणसाची, जबडा ओरांगउटानचा, दात कानशीने घासलेले! म्हणून सारे जीवाश्मशास्त्रच थोतांड, असा त्यांचा निष्कर्ष.

आम्ही विचारतो, हे कपट उघडकीस आणले कोणी? ओकली, वायनर आणि ल ग्रोस क्लार्क या शास्त्रज्ञांनीच. आपली चूक आपणच चव्हाट्यावर मांडणाऱ्या विद्येस खोटे म्हणावे काय?

खरा धडा निराळा आहे. मेंदू आधी वाढला, ही अनेक ब्रिटिश विद्वानांची लाडकी समजूत होती. शिवाय पूर्वज स्वभूमीत सापडल्याचा अभिमान. म्हणूनच १९२४ साली दक्षिण आफ्रिकेतील टाउंग येथे मिळालेली, लहान मेंदूच्या पण ताठ चालणाऱ्या बालकाची कवटी त्यांना रुचली नाही. रेमंड डार्ट यांनी तिचे मोल ओळखले; लंडनच्या धुरिणांनी ती वानराच्या पिलाची ठरविली. १९४७ साली ब्रूम यांना स्टेर्कफोंटेन येथे प्रौढ कवटी लाभली, तेव्हा मते पालटू लागली. १९७४ साली इथिओपियात सापडलेल्या, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीच्या ‘ल्यूसी’ने त्यावर शिक्कामोर्तब केले.

आवडते तेच खरे मानण्याचा दोष त्या पंडितांना भोवला. तो आपल्याला का भोवू नये? उत्क्रांतिवाद निव्वळ तर्काहून अधिक आहे, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ सालीच मान्य केले. तेव्हा वक्त्यांनी पिल्टडाउनचा दाखला जरूर द्यावा. मात्र तो पुरता द्यावा.