तिसावी वही
गेली बावीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवतोय, आणि रोज रात्री पानभर तरी लिहिल्याशिवाय मला झोप येत नाही. लिहायला बसलं की कळतं, आपल्याला नेमकं काय कळलेलं नाही. मुलांनाही हे सुख मिळावं असं मनापासून वाटतं. पण सत्र पद्धतीत निम्मे दिवस चाचण्या आणि गुणांच्या याद्यांत जातात, तयार उत्तरं झेरॉक्सच्या दुकानात मिळतात. परवा तीस वह्या तपासल्या. एकोणतिसांत तेच उत्तर, शुद्धलेखनाची चूकसुद्धा तीच. तिसावी ऊसतोड कामगाराच्या मुलीची. तिनं तीनदा खोडून लिहिलं होतं: डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी आई, आणि पायाखाली थरथरणारी ती फळी. मी ते पान दोनदा वाचलं. अशा लिहिण्याचं मोल परीक्षेच्या गुणांत मोजता येत नाही. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर स्वतः इंटरला नापास झाले होते. वाचणं-लिहिणं मात्र त्यांनी सोडलं नाही. धोरण ठरवणाऱ्यांनो, पदवी तीनाची चार वर्षांची करा, हरकत नाही. पण आठवड्यात एक तास मुलांनी स्वतःचं काही लिहावं आणि मास्तरांनी ते शेजारी बसून वाचावं, एवढी जागा त्यात ठेवा. त्या मुलीला पुढचं पान लिहायला सांगितलंय. शुक्रवारी आणते म्हणाली.