खरा फेणे कोणता?



काही दिवसांपूर्वी 'फास्टर फेणे' हा सिनेमा पुन्हा एकदा टीव्हीवर लागला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या चौथीच्या वर्गात भांडण जुंपलं. साधंसुधं नाही बरं का! दप्तरं फेकायचीच काय ती बाकी होती. अर्धा वर्ग म्हणत होता, "एकदम भारी!" उरलेल्या अर्ध्यांचं म्हणणं, "पुस्तकातला फेणे असा नाहीच मुळी." पहिल्या बाकावरच्या दोघी तर एकमेकींशी बोलेनात.

मी फळ्यावर तारीख लिहीत होते. मागे वळूनही न पाहता म्हणाले, "अरे, तो खरा फेणे नव्हेच. विषय संपला. गणिताच्या वह्या काढा."

शेवटच्या बाकावरून आवाज आला, "बाई, तुम्ही कधी पाहिलात?"

आता तुम्हाला म्हणून खरं सांगते. मी तो सिनेमा पाहिलाच नव्हता! २०१७ च्या ऑक्टोबरात तो थिएटरात लागला तेव्हाही नाही आणि नंतर टीव्हीवर लागला तेव्हाही नाही. मग इतक्या ठसक्यात बोलले कशी? तर माझ्या गिरगावच्या मामाच्या जिवावर. मामा शाळकरी होता तेव्हा, म्हणजे १९८० च्या दशकात, दूरदर्शनवर फास्टर फेणेची मालिका लागायची. फेणे झाला होता सुमीत राघवन. मामाच्या चाळीत त्या मजल्यावर टीव्ही एकाच घरी. मालिकेच्या वेळी त्या घराबाहेर चपलांचा ढीग साचायचा. मामा अजून सांगतो, "आमचा फेणे तो फेणे. नवीन सिनेमातला काय, मिश्या फुटलेला घोडा!" ते ऐकत मी मोठी झाले. मत मामाचं, तोंड माझं.

मुलांसमोर अशी पकडले गेल्यावर करणार काय? म्हटलं, "नाही पाहिला. या रविवारी बघते. तुम्ही तुमची मतं लिहून आणा." दोन आठवड्यांपूर्वी याच पानावर तुम्हालाही तेच विचारलं होतं. तुमची पत्रं आली, काही आईबाबांचीही आली. आज त्याबद्दल बोलू.

पण आधी ज्यांना फेणे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. फास्टर फेणे म्हणजे बनेश फेणे. फुरसुंगीचा मुलगा, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकायला आलेला. काडीपैलवान, पण सायकल अशी दामटतो की विचारू नका. गडबड जिथे असेल तिथे हा हजर, आणि गडबड नसली तर याच्या मागून येते. काही सुचलं की तोंडातून 'टॉक्!' असा आवाज काढतो. त्याला जन्माला घातलं भा. रा. भागवतांनी. जूल व्हर्नच्या अद्भुत कादंबऱ्या मराठीत आणणारे, मुलांसाठी 'बालमित्र' मासिक चालवणारे तेच भागवत. त्यांचा फेणे प्रतापगडावर गेला, काश्मीरला गेला, चक्रीवादळात सापडला, पण शाळकरी तो शाळकरीच राहिला. २००१ साली भागवत गेले.

सोळा वर्षांनी सिनेमा आला. आदित्य सरपोतदारांनी तो दिग्दर्शित केला. त्यात पुस्तकातलीच एखादी गोष्ट घेतली असेल असं मला वाटलं होतं. तसं नाही. ही पुढची गोष्ट आहे. बनेश आता मोठा झालाय (अमेय वाघ), मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी पुण्याला येतो. तिथे ओळख झालेला एक परीक्षार्थी मुलगा मरण पावतो. बाकी सगळे म्हणतात त्याने स्वतःच जीव दिला. बनेशला ते पटत नाही आणि तो शोध घ्यायला निघतो. पुढचं सांगत नाही, ज्यांनी पाहिला नाही ते मला शाप देतील.

भांडणाचं मूळ इथेच आहे. लालबागच्या एका आईने चांगलं दोन पानी पत्र लिहिलंय. त्या म्हणतात, "फास्टर फेणे म्हटल्यावर मी विश्वासाने मुलाला टीव्हीसमोर बसवलं. त्यात परीक्षा, मृत्यू, पैशांसाठी काहीही करणारी माणसं. अर्ध्यावर बंद केला. आमच्या लहानपणीच्या हिरोला या चिखलात कशाला ओढायचं?" हे पत्र मी दोनदा वाचलं. कारण भीती खरी आहे. परीक्षेच्या धास्तीने मुलं काय काय करून बसतात हे आम्ही शिक्षक ऐकतो, तेव्हा पोटात गोळा येतो. शिवाय नावावर भरवसा ठेवून मुलाला बसवलं आणि पडद्यावर भलतंच निघालं, तर राग येणारच.

हा राग एकट्या लालबागचा नाही बरं का. इंग्लंडमध्ये जेन ऑस्टिन नावाची लेखिका होऊन गेली. १८१३ साली आलेली तिची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' कादंबरी लोक अजून वाचतात. त्यात लग्नं जुळतात, मोडतात, रुसवेफुगवे होतात, पण खूनबिन काही नाही. तब्बल १९८ वर्षांनी, २०११ मध्ये, पी. डी. जेम्स या रहस्यकथा लिहिणाऱ्या बाईंनी तिची पुढची गोष्ट लिहिली आणि ऑस्टिनच्या लाडक्या नायिकेच्या घराजवळच्या जंगलात चक्क खून घडवला! तेव्हा जेम्सबाईंचं वय होतं ९१. दोन वर्षांनी बीबीसीने त्यावर तीन भागांची मालिका केली. मूळ कादंबरीवर प्रेम करणाऱ्यांत काही खूश झाले, काहींनी नाकं मुरडली. मला गंमत वाटते ती वेगळीच. पुस्तकाच्या सुरुवातीलाच जेम्सबाईंनी ऑस्टिनची माफी मागितली आहे. तुझ्या माणसांना या खुनाच्या भानगडीत ओढलं, क्षमा कर, अशा अर्थाची. माफी मागितली आणि लिहिलं मात्र बिनधास्त!

आपल्या सिनेमावाल्यांनी माफी मागितली का? त्यांनी त्याहून मजेदार काम केलं. त्यांनी भागवतांनाच गोष्टीत आणून बसवलं. बनेशच्या पाठीशी उभे राहणारे आजोबा म्हणून सिनेमात भा. रा. भागवत आहेत आणि ती भूमिका केलीय दिलीप प्रभावळकरांनी. (हो, तेच, 'बोक्या सातबंडे' लिहिणारे.) यावरून माझ्या वर्गात जे बोलणं झालं ते तसंच्या तसं देते.

"बाई, भागवत तर सिनेमाच्या आधीच वारले ना? मग सिनेमात कसे?"

मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात दुसरी मुलगी म्हणाली, "म्हणून तर ठेवलंय त्यांना. नाहीतर फेणे एकटा पडला असता."

मला याहून चांगलं उत्तर देता आलं नसतं.

आता माझं मत. रविवारी वही घेऊनच बसले होते. मला काय आवडलं नाही? सिनेमात काळोख फार आहे. आणि हसू कमी. पुस्तकातल्या फेणेची फजिती होते, तो धडपडतो, भलतीकडेच जाऊन आदळतो, आणि त्या फजितीतून त्याला वाट सापडते. ती फजिती मला हवी होती. पण एक गोष्ट मामाने कधी सांगितली नव्हती आणि ती मला दिसली. सगळे 'झालं, संपलं' म्हणून घरी जातात तेव्हा हा पोरगा थांबतो. त्या मुलाशी त्याची मैत्रीसुद्धा धड झालेली नव्हती, जेमतेम ओळख. तरी त्याच्यावर चिकटवलेली खोटी गोष्ट त्याला सहन होत नाही. पुस्तकातला बारका फेणेही असाच नाही का? अर्धी चड्डी गेली, फुलपँट आली, हा हट्ट तोच आहे.

त्या आईंना माझं सांगणं एवढंच की चौथीच्या मुलाला एकट्याला दाखवू नका हे शंभर टक्के बरोबर. पण सातवी-आठवीच्या मुलाशेजारी बसून बघा, आणि मधे थांबवायचं तर थांबवून बोला. अर्ध्यावर बंद केलात तर त्याच्या मनात तो मुलगा मेलेलाच राहतो. शोध पाहायचा राहून जातो.

तुमच्या पत्रांतली आणखी एकदोन मतं. दादरच्या एका मित्राने लिहिलंय, "सिनेमा दहापैकी सात. सायकलसाठी तीन मार्क कापले." कडक मास्तर होणार हा! परळची एक आठवीतली मैत्रीण म्हणते, "अबोली पत्रकार दाखवलीय ते आवडलं. पुस्तकांत मुलींना आणखी कामं हवी होती." हे मात्र सिनेमावाल्यांच्या बाजूने धरायला हवं. आणि गिरगावच्या एका आजोबांनी पोस्टकार्डावर एकच वाक्य पाठवलं, की त्यांना दोन्ही चालतात, फक्त जाहिराती नकोत.

पण सगळ्यात लांब मत शेवटच्या बाकावरून आलं. ज्याने मला "तुम्ही कधी पाहिलात?" विचारलं तोच. हा मुलगा वाचायला दिलं की पाणी प्यायला जातो. सिनेमा पाहिल्यावर त्याने वर्गाच्या पुस्तकपेटीतून फेणेचं पुस्तक मागून घेतलं. सहा दिवस लागले त्याला. मग तक्रारींची यादी घेऊन आला. यात मोबाईल कसा नाही? इनलँड लेटर म्हणजे काय? टांगा भाड्याने मिळायचा म्हणजे घोडा पण मिळायचा का? आणि शेवटी, "बाई, यातला फेणे माझ्याएवढा आहे. सिनेमातला दादाएवढा आहे. मला दोन्ही हवेत." पुढचं पुस्तक मागितलं. मी पेटी उपसली, त्यात फेणेचं दुसरं पुस्तकच नव्हतं. शनिवारी दादरला जाऊन आणलं.

हे सगळं सांगायला मी मामाला फोन केला. म्हटलं, "मामा, तुझा मिश्या फुटलेला घोडा पाहिला हं मी. इतका काही वाईट नाही. तुला नक्की काय खटकलं त्यात?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग मामा म्हणाला, "अगं, मी कुठे पाहिलाय! पोस्टर पाहिलं होतं."

आता मामाला मी आठ दिवसांची मुदत दिली आहे. त्याचं मत आलं की याच पानावर छापू. तोवर तुमचं पाठवा. सिनेमा पाहिला असेल तर सिनेमाबद्दल, पुस्तक वाचलं असेल तर पुस्तकाबद्दल. नुसतं पोस्टर पाहिलं असेल तर तसं लिहा, मामाला सोबत होईल.

तुमची,
बाई