जुना रथ, नवें बळ

नवी मुंबईंतील एका तरुण वाचकानें विचारलें आहे कीं, वडिलांच्या कापडी छपराच्या जुन्या जिप्सींत मोठें एंजिन बसवावें काय? १९८५ सालच्या जिप्सीचें एंजिन ९७० घनसेंटिमीटरचें होतें. १९९६ सालीं मारुतीनेंच १,२९८ चें बसविलें, हें खरें. परंतु वेग दुप्पट होतांच गतिजन्य ऊर्जा चौपट होते, व ती शमविण्याचा भार ब्रेकांवर पडतो. अश्व बदलला आणि लगाम जीर्णच राहिला, तर पाम बीच मार्गावर स्वाराची काय गति? शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वयें परिवहन कार्यालयाची अनुमति हवी. २०१९ च्या दुरुस्तीनें अनधिकृत बदलास ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. अनुमति न मिळाल्यास मूळ एंजिनच नीट करून घ्यावें. पित्याच्या गाडींतून आईस निर्धास्तपणें फिरवितां यावें, एवढा वेग आम्हांस पुरेसा वाटतो.