डबा बोलतोय, ऐकणार कोण?

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी हा विषय होता, पण मार्कांपुरता. त्यामुळे मराठी विभागासाठी "तू लिहीच" असं मॅडम म्हणाल्या तेव्हा एक्स्टर्नलसमोर बसल्यासारखा घाम फुटला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका माझ्या रूममेटने काढल्या आहेत, मतं मात्र माझीच. आणि लेख तिच्याच स्कूटरवर आहे, म्हणजे हिशोब बरोबर!

तर झालं असं. गणपतीची सुट्टी संपवून आम्ही हॉस्टेलवर परत आलो. रूममेटची स्कूटर आठ-दहा दिवस स्टँडमध्ये पावसात उभी होती. किल्ली फिरवली, ब्रेक धरला, सेल्फ दाबला. इंजिन दमल्यासारखं दोन-तीनदा फिरलं, पण सुरू काही होईना. पुन्हा दाबला, तेच. पाच मिनिटांत नेहमीप्रमाणे गर्दी जमली आणि प्रत्येकाने आपापलं निदान सांगितलं. त्यात एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी होतं, "ई.सी.एम. गेला असणार."

हे वाक्य मी आता इतक्या वेळा ऐकलंय की पूर्वी म्हणे लोक "नजर लागली" म्हणायचे, तसं वाटतं. कारण कळलं नाही की ई.सी.एम. गेला!

स्कूटर ढकलत शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या माणसाने ना मीटर लावला, ना स्कॅनर. दोनदा सेल्फ मारला आणि म्हणाला, "ई.सी.एम. बदलून बघावा लागेल. नऊ हजारांपर्यंत जाईल." बदलून *बघावा* लागेल! रूममेट संध्याकाळी शहरात दोन घरी ट्यूशन घेते, त्यावर तिची मेस चालते. स्कूटर बंद म्हणजे ट्यूशन बंद, आणि नऊ हजार म्हणजे तिच्या तीन महिन्यांच्या मेसचे पैसे. ती काही बोलली नाही. आम्ही स्कूटर ढकलत परत आणली.

गेटसमोरच्या गॅरेजवाल्या काकांना तुम्ही सगळे ओळखता. पंचवीस वर्षं कार्ब्युरेटर उघडतायत. नुसता आवाज ऐकून "जेट चोकअप आहे" म्हणतात आणि ते खरं निघतं. पण २०२० नंतरची गाडी दिसली की हात वर करतात. "एफ.आय. आहे ना? नको ताई, त्यातलं आपल्याला नाही कळत." त्या दिवशी आम्ही खूपच गयावया केली म्हणून बघायला तयार झाले.

काकांनी सेल्फ दाबायला सांगितला आणि स्वतः मीटरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, ती पिवळी लाईट बघा. किल्ली चालू केली की लागते आणि विझते, ते ठीक. पण सेल्फ सोडला की परत लागते आणि विझते. किल्ली तर आपण बंद केलीच नाही. मग परत का लागते?"

माझी ट्यूब तिथे पेटली. ती लाईट म्हणजे ई.सी.एम.ची हजेरी. डबा जागा झाला की स्वतःची तपासणी करतो, तेव्हा ती लागते. किल्ली बंद न करता पुन्हा लागते, म्हणजे सेल्फ मारताना डबा मध्येच बेशुद्ध पडतोय आणि नंतर पुन्हा जागा होतोय. डबा बिघडला नव्हता, उपाशी होता!

इलेक्ट्रॉनिक्सच्या मैत्रिणीचा मल्टिमीटर आणला. बॅटरी उभ्याने १२.४ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.४. म्हणजे बॅटरी ठीक. मग एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी चेसिसला लावून सेल्फ मारला. इथे शून्याच्या आसपास काही तरी दिसायला हवं, फार तर अर्धा व्होल्ट. दिसले जवळजवळ चार! म्हणजे बॅटरी १०.४ देत होती, पण चार व्होल्ट वाटेतच खर्च होऊन डब्यापर्यंत जेमतेम साडेसहा पोचत होते. काकांनी अर्थचा बोल्ट खोलला. आत पांढरी-हिरवी पावडर. पॉलिश पेपर मारला, बोल्ट घट्ट केला, वरून जरा व्हॅसलीन लावलं. सेल्फ दाबला आणि स्कूटर पहिल्या झटक्यात सुरू! काकांनी चाळीस रुपये घेतले. नऊ हजारांऐवजी चाळीस.

आता तुम्ही म्हणाल, गंजलेल्या बोल्टवर कुणी लेख लिहितं का? मी लिहितेय, कारण त्या दिवशी मला एक गोष्ट नीट कळली. काकांना लाईट दिसली, पण अर्थ लावता आला नाही. मला अर्थ लागला, पण लाईटकडे बघायचं सुचलंच नव्हतं. आणि वर्कशॉपवाल्याकडे दोन्ही असण्याची सोय असून त्याने काहीच पाहिलं नाही.

हा डबा नेमकं करतो काय, ते थोडक्यात सांगते. (मेकॅनिकलवाल्यांनी हा भाग सोडला तरी चालेल, पण व्हायव्हात विचारतात, तेव्हा वाचाच.)

किल्ली फिरवली की टाकीतून दोन-तीन सेकंद "झूंऽऽ" असा बारीक आवाज येतो. तो पेट्रोलचा पंप. ई.सी.एम. तो चालवून इंजेक्टरच्या मागे साधारण तीन बार दाब तयार ठेवतो. मग सेल्फ. ब्रेकचा किंवा क्लचचा स्विच आणि साईड स्टँडचा स्विच "हो" म्हणाले तरच सेल्फच्या रिलेला करंट मिळतो. काही गाड्यांत हा रिलेसुद्धा डब्याच्याच ताब्यात असतो. क्रँक फिरू लागला की त्याच्यासोबत दातांचं एक चाक फिरतं आणि समोरचा सेन्सर दात मोजतो. बऱ्याच कारमध्ये साठ दातांची जागा असून त्यातले दोन मुद्दाम गाळलेले असतात. ती मोकळी जागा आली की पिस्टन कुठे आहे ते डब्याला कळतं. हे मोजमाप मिळालं नाही तर तो ना पेट्रोल सोडतो, ना ठिणगी देतो. बरोबरच आहे, उभ्या इंजिनात पेट्रोल ओतून काय करायचं?

मग प्रश्न, किती पेट्रोल? पुस्तकात आपण १४.७ ला १ लिहून दोन मार्क मिळवतो. पण थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून सुरू करताना जास्त सोडावं लागतं. पूर्वी हे काम चोक करायचा आणि चोक ओढायचं काम आपण. आता तापमानाचा सेन्सर सांगतो आणि डबा इंजेक्टर काही मिलिसेकंद जास्त उघडा ठेवतो. आणखी एक गंमत. सेल्फ मारताना व्होल्टेज पडलं की इंजेक्टरची कॉईल आळसटते, उशिरा उघडते. डब्याला हेही ठाऊक असतं. तो तेवढा वेळ वाढवून देतो. ६००० आर.पी.एम.ला क्रँकचा एक फेरा १० मिलिसेकंदांत होतो आणि तेवढ्यात हे सगळे हिशोब उरकायचे असतात. आम्हाला एक न्यूमेरिकल सोडवायला पंधरा मिनिटं लागतात!

हे काही कालचं तंत्र नाही. बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन प्रणाली फोक्सवॅगनच्या गाडीत आली ती १९६७ मध्ये. आपल्याकडे कारवर "एम.पी.एफ.आय." ही अक्षरं २००० च्या आसपास झळकू लागली. २००६ मध्ये हिरो होंडाच्या ग्लॅमरमध्ये इंजेक्शन आलं, पण दुचाकींत ते बरीच वर्षं हौसेचं राहिलं. १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ लागू झालं आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. धुराचे नियम पाळायचे तर दुसरा मार्गही नव्हता. स्क्रू ड्रायव्हरने मिश्रण सेट करून ती मर्यादा दर वेळी गाठता येत नाही.

म्हणून मी ई.सी.एम.च्या विरोधात अजिबात नाही. "जुन्या गाड्याच बऱ्या होत्या" हे गाणं मला गायचं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हा डबा मुका नाही, तो सतत बोलतो. काय दुखतंय ते तो कोडमध्ये लिहून ठेवतो. पी-०३३५ म्हणजे क्रँकच्या सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड, पी-०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून कारना एकच १६ पिनांचा सॉकेट आणि असे सामाईक कोड सक्तीचे झाले, ते याचसाठी. आपल्या दुचाकींतही ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने येतेय. पण कोड म्हणजे नुसतं आजाराचं नाव. कुठली वायर कुठे जाते, सेन्सरचं रीडिंग किती हवं, हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. ते गेटसमोरच्या काकांपर्यंत पोचत नाही. पोचलंच तर इंग्रजीत.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. डबा उघडा केला तर कुणीही आत हात घालेल, असं त्या म्हणतात. खोटं नाही ते. आपल्याच बॉईज हॉस्टेलमध्ये रीमॅप करून पिकअप वाढवणारे वीर आहेत. अॅव्हरेज आणि धूर दोन्हींची वाट लावून फिरतात. इमोबिलायझर उघडा पडला तर चोरांची चैन होईल, हेही मान्य.

पण वाचणं आणि लिहिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लायब्ररीतलं पुस्तक सगळ्यांना वाचायला मिळतं, म्हणून त्यात पेनाने खाडाखोड करायची परवानगी मिळत नाही. तसंच इथे करा. डब्यात *लिहायला* कुलूप ठेवा, *वाचायला* दार उघडं ठेवा. कोड, वायरिंग डायग्राम, सेन्सरची रीडिंग हे सगळं गाडीच्या मालकाला आणि तो जिथे गाडी नेईल त्या मेकॅनिकला मिळालंच पाहिजे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये याच मुद्द्यावर मतदान करून दुरुस्तीचा हक्क मंजूर केला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, त्यात वाहनांचाही समावेश होता, आणि त्याच डिसेंबरमध्ये "राईट टू रिपेअर" नावाचं पोर्टल सुरू झालं. सुरुवात चांगली आहे. पण पोर्टलवरची माहिती आणि काकांचा तेलकट हात यांच्यात अजून बरंच अंतर आहे.

आणि हे अंतर कमी करायला दिल्लीची वाट कशाला बघायची? इथे मी आपल्या स्टाफकडे वळते. सर, राग मानू नका. आपल्या आय.सी. इंजिन लॅबमध्ये कार्ब्युरेटरचं कापलेलं मॉडेल काचेत ठेवलंय. ते राहू दे, तत्त्व त्यातूनच कळतं. पण त्याच्या शेजारी एका चालू एफ.आय. इंजिनाची जागा करता येणार नाही का? अपघातात गेलेल्या स्कूटरचं इंजिन, वायरिंग आणि डबा भंगारातूनही मिळेल. पंप, इंजेक्टर, सेन्सर एका फळीवर मांडायचे, एकेक वायर मुद्दाम काढायची आणि बघायचं, डबा काय बोलतो. फायनल इयरच्या किती ग्रुपना दर वर्षी प्रोजेक्ट सापडत नाही! हा घ्या.

आणि महिन्यातल्या एका रविवारी ती लॅब गेटसमोरच्या काकांसारख्यांसाठी उघडा. आम्ही त्यांना कोड वाचायला आणि व्होल्टेज मोजायला शिकवू, ते आम्हाला बघायला शिकवतील. खरं सांगते, जास्त फायदा आमचाच होईल. फर्स्ट इयरला बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये व्होल्टेज ड्रॉप शिकले, तेव्हा "हे मेकॅनिकलला कशाला?" म्हणून मी कुरकुरले होते. तो धडा मला कळला थर्ड इयरला, गॅरेजसमोर चिखलात उकिडवं बसून.

आपण विद्यार्थ्यांनीही एक करू या. कारण माहीत नसताना "ई.सी.एम. गेला" म्हणायचं बंद करू या. आपण इंजिनिअर होणार आहोत. आपण सहज टाकलेल्या त्या वाक्यावर कुणीतरी नऊ हजारांचं बिल फाडतं. आधी बॅटरी बघा, अर्थ बघा, फ्यूज बघा, पंपाचा आवाज येतो का ऐका, लाईटकडे बघा. मग डब्यावर या.

परवा काकांकडे गेले होते. बी.एस.-६ ची एक बाईक उघडून बसले होते. मला बघून म्हणाले, "ताई, तो तुमचा मीटर कितीला मिळतो?" मी म्हटलं, विचारून सांगते. ते काम आज संध्याकाळी करायचंय.

बघा, पटतंय का. नाही पटलं तर भांडायला या, मी लेडीज हॉस्टेलच्या स्टँडमध्येच सापडेन. येताना मल्टिमीटर घेऊन या म्हणजे झालं!