पश्चात्ताप आणि प्रारब्धाची सबब

आमच्या सुशिक्षित घरांतून एक मोठी सोईस्कर समजूत नांदत आहे. चांगले घडले तर ते आपल्या कर्तृत्वाने आणि वाईट घडले तर ते प्रारब्धाने! भावाचा हिस्सा गिळला, कुणाचे देणे बुडविले, तरी ‘योगच तसा होता’ एवढे म्हटले की कर्ता मोकळा. ही समजूत किती पोकळ आहे, हे दाखविण्यास आम्ही मराठी बोलणाऱ्याच एका लहानशा समाजाकडे वाचकांचे लक्ष वेधतो.

कोकणातील बेने इस्रायल हे तेल गाळीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. यहुदी नववर्षास ते ‘नव्याचा सण’ आणि त्यानंतर दहाव्या दिवशी येणाऱ्या महाउपवासास ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. त्या दिवशी शुभ्र वस्त्रे नेसून, दारे लावून घेऊन ते ईश्वरचिंतनात राहत. दुसरा दिवस ‘शिळा सण’. तो दानधर्माचा व भेटीगाठींचा. १९४८ नंतर ह्या समाजातील बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. परंतु सणांची ही मराठी नावे अर्थपूर्ण आहेत.

ह्या सणांची तयारी एलूल महिन्यापासून, म्हणजे बहुधा आमच्या भाद्रपदात, सुरू होते. तिच्या मुळाशी असलेले तत्त्व बाराव्या शतकातील मोशे बेन मैमोन ह्या पंडिताने स्वच्छ मांडले आहे. मनुष्य सन्मार्ग वा कुमार्ग धरण्यास स्वतंत्र आहे. तो परतंत्र असता तर विधिनिषेध व शिक्षा ह्यांस अर्थच उरला नसता. म्हणूनच तो पश्चात्तापही करू शकतो. जे आपण केलेच नाही, त्याबद्दल पस्तावणार तरी कसे?

ह्याहून कठोर नियम पुढेच आहे. उपवासाने ईश्वराचा अपराध धुतला जाईल, शेजाऱ्याचा नव्हे. त्याचे देणे चुकवावे, त्याची समजूत घालावी, तेव्हाच क्षमा. ‘आता पाप करू, मग पस्तावू’ असा हिशेब मांडणाऱ्यास तर पश्चात्तापाची संधीच लाभत नाही, असे त्यांचे प्राचीन धर्मशास्त्र बजावते.

कोणी म्हणतील, हे परक्यांचे शास्त्र. आमचा कर्मसिद्धांत निराळा. पण आमच्याच शास्त्राने संचित व प्रारब्ध ह्यांच्या जोडीला क्रियमाण सांगितले आहे, ते काय शोभेसाठी? भोग प्रारब्धाचा असेल. लबाडी मात्र आजची, आपल्या हातची.

तासगावचेच पाहा. ऋषिपंचमीस गणपतीचा रथ निघतो आणि दोरास हजारो हात लागतात. द्राक्षबागायतदाराचा माल उचलून पैसे बुडविणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्याचा हात त्यांत असेल, तर तो दोर ओढून त्याचे ऋण फिटले काय? वर्षभर औषधांचे व मजुरीचे कर्ज काढून बाग पिकविणाऱ्याने मात्र ‘नशीब’ म्हणून गप्प बसावे! दैववादाचा भार नेहमी दुबळ्यावर पडतो आणि त्याचा लाभ बळकटास होतो, हीच आमची मुख्य तक्रार आहे.

२०२४ साली ३ ऑक्टोबरला घटस्थापना व यहुदी नववर्ष एकाच दिवशी आले आणि १२ ऑक्टोबरला दसरा व दारफाळणीही एकत्र आली. पंचांगे इतकी जवळ येतात, तर आचार का येऊ नये? आपट्याचे पान सोने म्हणून वाटण्यापूर्वी ज्याचे खरे नाणे आपल्याकडे अडकले आहे, त्याचे दार प्रथम ठोठवावे.